बाबांची राणीछाप

बाबा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे सौदीतल्या खमीस मुशैतला आले आणि विमानतळावरून घरी पोचेपर्यंत त्यांनी मला माझंच गाव समजावून सांगितलं. इथे काही नव्हतं, तिथे नुसते दगड होते, ह्या वळणावर एक येमेनी चहा विकायचा. मी या गावात बारा वर्षं राहते आहे, आणि बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाल्यापासून ह्याच रस्त्याने कामाला जाते. पण बोलायची सोय नव्हती. शेवटी न राहवून म्हटलं, "बाबा, चाळीस वर्षांत माणसं एखादी इमारत बांधतात."

"बांधोत की," ते म्हणाले. "मी नको म्हटलंय?"

तरुणपणी बाबा आठ वर्षं इथे होते. हवाई तळावरची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या कॅम्पात ते स्टोअरकीपर होते. मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. ज्या गावाने लहानपणी माझे वडील पळवले त्याच गावात मला नोकरी लागावी, हा निव्वळ योगायोग. रियाधची जागा भरली होती आणि इथली रिकामी होती, एवढंच. बाबांना हे पटत नाही. त्यांच्या मते मी त्यांच्या पुण्याईवर इथे आले.

आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबा रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात एकटेच राहत होते, आणि एकट्या माणसाला ऐकवायला कुणी नसतं. त्यामुळे इथे आल्यावर त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, जुना कॅम्प बघायचा. आणि दोन, ऐकणारी माणसं.

कॅम्पाचं काही जमलं नाही. त्या बाजूला आता लांबच लांब भिंत आहे आणि भिंतीजवळ गाडी थांबवायला मनाई आहे. माणसं मात्र होती. खमीस आणि शेजारचं अभा मिळून आमची सात-आठ मराठी घरं आहेत. बहुतेक हॉस्पिटलांत काम करणारी. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा कुणा एकाकडे दुपारचं जेवण ठरलेलं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. बाबा आले त्या शुक्रवारी पाळी माझी होती. जिझानहून आलेली सुरमई होती, भरली वांगी होती, आणि मधल्या कोचावर पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बाबा होते. नवरा रियाधला बँकेत असतो, दर पंधरवड्याला येतो. नेमका तो आठवडा त्याचा नव्हता, म्हणून तो वाचला.

"तर झालं असं," बाबांनी सुरुवात केली, आणि मला कळलं की आता राणीछाप येणार.

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. कॅम्पात असताना इंग्लंडच्या राणीच्या मुलाचं लग्न ठरलं. गोरे लोक असे खूश, जसं काही घरचंच कार्य. मोठ्या साहेबाने विलायतेहून लग्नाची नाणी मागवली आणि सगळ्या हिंदुस्थानी लोकांना एकेक वाटली.

"ही एवढी!" बाबांनी तळहात पुढे केला. "एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला मुलगा आणि सून. पण किंमत कुठे छापलेलीच नाही! बाकीचे म्हणाले, ह्याचं करायचं काय? दुकानात चालत नाही, बँकेत घेत नाहीत. मी म्हटलं, द्या इकडे. मी सिगरेट ओढत नाही. माझ्या वाटणीची पाकिटं त्यांना दिली आणि चार नाणी घेतली. माझं एक धरून पाच. अहो, राणीछाप! राणीचं तोंड आहे म्हणजे चांदी असणारच. त्यांना कुठून अक्कल?"

मंडळी हसली. राणीछाप रुपया कुणाच्या आजीने गाठीला बांधून ठेवला नव्हता? जुन्या रुपयावर इंग्रजांच्या राणीचा मुखवटा असायचा आणि तो अस्सल चांदीचा असायचा, हे आपल्याकडे पोरासोरालाही ठाऊक. त्यामुळे बाबांचं गणित सगळ्यांना एकदम पटलं. आपल्या माणसालाच पटावं असं ते गणित होतं. त्या कॅम्पातल्या कुठल्याही गोऱ्या माणसाने ते ऐकलं असतं तर बाबांना खुळ्यात काढलं असतं.

"चार घरी पाठवली, एक माझ्याजवळ ठेवलं. बायकोला निरोप दिला, अडचण आली तर मोड. आणि आली हो अडचण! कंपनीचे पगार अडकले. कितीतरी महिने घरी ड्राफ्ट नाही. घरात माझे म्हातारे आईवडील, ही पोरगी लहान, हिचा धाकटा भाऊ पाळण्यात. पण आमच्या हिने राणी मोडली आणि घर चालवलं. गावाहून परत आलेल्या माणसाबरोबर मला निरोप आला, राणीने तारलं, काळजी करू नका. कुणापुढे हात पसरला नाही आम्ही."

गावी ही गोष्ट या ठिकाणी आली की आई उठून चहा ठेवायला जायची. मग बाबा एकटेच शेवट सांगायचे. इथे चहा ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी शेवट दोनदा सांगितला.

आणि तेवढ्यात माझ्या लेकीने मोबाइलमधून डोकं वर काढलं. ती चौदा वर्षांची आहे, इथल्या भारतीय शाळेत जाते. मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि बाबांनी विचारलं की हिंदीत.

"आजोबा, वो सिल्व्हर नहीं था," ती म्हणाली. "कॉपर-निकेल है. उसको क्राउन बोलते हैं. व्हॅल्यू पच्चीस पेन्स. मतलब सव्वा रियाल. और किसी ने कभी खर्च ही नहीं किया, लोग बस रखते थे."

"मोबाइलला काय कळतंय?" बाबांचा आवाज चढला. "तुझ्या आजीने मोडलीत ती!"

"तो फिर आजीने बेचा क्या?"

पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिने सरळ प्रश्न विचारला होता. पण बाबा सदऱ्याची बाही सारखी करायला लागले. मी घाईघाईने विचारलं, सोलकढी कुणाला हवी? सगळ्यांनाच हवी झाली.

आईने काय विकलं ते मला माहीत होतं. मी तिच्याबरोबर गेले होते.

मी तेव्हा सहा वर्षांची असेन. सोनाराच्या दुकानातली लाल गादी मला आठवते. त्याने आईची चारही नाणी एकेक करून कसाला लावली, फरशीवर वाजवली आणि तिच्या हातात परत ठेवली. मग सोनाराच्या बायकोने आतून एका वाटीत साबणाचं पाणी आणून दिलं आणि आईने त्यात हात बुडवले. दुकानात येऊन आई हात का धुते आहे, हे मला कळेना. तिच्या माहेरच्या चार पाटल्या होत्या. लग्नापासून कधी काढल्या नव्हत्या, त्यामुळे हातातून निघत नव्हत्या.

हे सगळं मला नंतर जुळवता आलं, तेही आईने सांगितलं म्हणून. मी इथे नोकरीला निघाले तेव्हा तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी माझ्या बॅगेत घातली. म्हणाली, "जिथली आहेत तिथे घेऊन जा. घरात राहिली तर कधीतरी ह्यांच्या हाताला लागतील."

"मग सांगून टाक ना एकदा," मी चिडून म्हटलं. मला असल्या झाकाझाकीचा मनस्वी राग येतो. "त्यात काय एवढं? पाटल्या तुझ्या होत्या, घर तू चालवलंस, आणि गावभर ते त्यांचं शहाणपण सांगत फिरतात."

"आठ वर्षं तिकडे राहिले," आई म्हणाली. "पगार अडकला, तब्येत गेली, पोरं मोठी झालेली दिसली नाहीत. सांगण्यासारखं एवढंच मिळालंय त्यांना. ते तेवढं असू दे गो."

बाबा रजेवर आले तेव्हा तिने सांगितलं होतं की चोऱ्या फार होतात म्हणून पाटल्या भावाकडे ठेवल्या आहेत. कायमचे परत येताना बाबांनी जेद्दाच्या बलद बाजारातून दोन सोन्याच्या बांगड्या आणल्या. आईने त्या घातल्या आणि पाटल्यांचा विषय संपला. बाबांना सोन्यानाण्यातलं काही कळत नाही, आणि भावाकडे मागायला जाण्याइतके ते उद्धटही नाहीत.

तर आता पुरचुंडी माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, आणि बाबा शेजारच्या खोलीत. मला भीती वाटत होती. आईने जे इतकी वर्षं सांभाळलं ते माझ्या घरात, माझ्या पोरीच्या एका प्रश्नाने फुटेल याची भीती. ह्या माणसाजवळ स्वतःच्या तरुणपणातलं अभिमानाने सांगावं असं दुसरं काही नव्हतं. ते गेलं तर उरलेलं आयुष्य काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी मी आमच्या भूलतज्ज्ञाला विचारलं. तो इंग्लंडचा, साठीच्या आसपासचा. म्हटलं, तुमच्याकडे ही क्राउनची नाणी कुणी बाजारात वापरली का कधी? तो हसायलाच लागला. म्हणाला, प्रत्येकाच्या घरी खणात एक तरी पडलेलं असतं आणि त्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नसतं. कायद्याने ते पैसे आहेत, पण इतकं मोठं नाणं खिशात घेऊन कोण फिरणार आणि दुकानदार तरी ते गल्ल्यात कुठे ठेवणार? तो लहान असताना त्याच्या मावशीने वाढदिवसाला एक दिलं होतं. ते घेऊन तो गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात गेला. दुकानदाराने नाणं उलटंपालटं करून पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि गोळ्या दिल्या. संध्याकाळी त्याच्या आईने दुकानात जाऊन पैसे भरले, नाणं परत आणलं आणि त्याला फटके दिले. "मला माहीत असलेला एवढाच व्यवहार," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, काहीतरी पळवाट सापडेल. म्हणजे निदान विलायतेत तरी ती चालत होती, सोनाराला ठाऊक असेल, असं काहीतरी बाबांना सांगता येईल. तेही गेलं.

घरी दोन दिवस बाबांच्या तोंडी येमेनी चहावाला नाही, दगड नाहीत, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सदरा घालून तयार होऊन बसले आणि म्हणाले, "चांदीच्या बाजारात जाऊ या."

खमीसचा चांदीचा बाजार जुना आहे. डोंगरातल्या बायकांचे जडजड हार, कमरपट्टे, घुंगरांची कडी, सगळं तिथे विकायला येतं. मला वाटलं नातीसाठी काही घ्यायचं असेल. एका म्हाताऱ्या सौदी दुकानदारासमोर बाबा बसले, सलाम केला आणि तेव्हा आठ वर्षांत शिकलेल्या अरबीत त्याची, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. दुकानदार खूश झाला. कहवा आला, खजूर आले. मग बाबांनी पाकीट काढलं, त्याच्या आतल्या कप्प्यातून त्यांचं पाचवं नाणं काढलं आणि काचेवर ठेवलं.

मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, "बाबा, कशाला? चला ना."

"थांब."

दुकानदाराने नाणं उचललं, चष्मा वर करून बघितलं, काचेवर आपटून आवाज ऐकला आणि परत ठेवलं. "मू फिद्दा," तो म्हणाला. चांदी नाही. आवाजात कसलीच टिंगल नव्हती. बाबांचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने खालच्या खणातून एक काळपट मोठं नाणं काढून त्यांच्या हातात दिलं. त्याच्यावरही एक राणी होती, चांगली गुटगुटीत, कुठल्याशा युरोपातल्या देशाची. ही अस्सल चांदीची, तो म्हणाला. त्याच्या आजोबांच्या काळात ह्याच राणीवर इथे सगळा बाजार चालायचा, मेंढ्या, कॉफी, लग्नाची देणी, सगळं. मग त्याने बाबांच्या नाण्याकडे बोट दाखवून मान हलवली. ही राणी ती नव्हे.

बाबांनी ती गुटगुटीत राणी बराच वेळ हातात तोलली. "शुक्रन," म्हणाले, दोन्ही नाणी नीट शेजारी ठेवली, आपलं उचललं आणि उठले.

गाडीत बसल्यावर मी चावी फिरवणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पाटल्या का गो?"

आता खोटं बोलायचं तर मला पटकन बोलायला हवं होतं. मला ते जमलं नाही. "हो," मी म्हटलं.

"चारही?"

"हो."

"तुला केव्हापासून ठाऊक?"

मी सांगितलं. साबणाचं पाणी सांगितलं, पुरचुंडी सांगितली, आई काय म्हणाली तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते रडतील. ते भडकले. आधी माझ्यावर, मग आईवर. एवढी वर्षं मला मूर्खासारखं बोलत ठेवलंत, म्हणाले. लोकांसमोर! तुझ्या लग्नात सांगितलं मी, तुझ्या सासऱ्यांना! सोनारसुद्धा हसत असेल मला रस्त्यात बघून. तुम्ही दोघी आतून काय म्हणत असाल? मी गाडी चालवत ऐकत राहिले. मध्ये एकदा मलाही राग आला आणि मी म्हटलं, "हसायचं असतं तर ती एकदा तरी हसली नसती का?"

घरी आल्यावर मी पुरचुंडी त्यांच्या पलंगावर ठेवली आणि बाहेर आले. त्यांनी दार लावून घेतलं नाही. बऱ्याच वेळाने मी डोकावले तर चार नाणी आणि पाचवं अशी ओळीने मांडलेली होती, आणि ते नाण्यांकडे नाही, लुगड्याच्या तुकड्याकडे बघत होते. "हे तिचं निळं," म्हणाले. "हे मला आठवतं." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

पुढचा शुक्रवार अभाला होता, माझ्या हॉस्पिटलातल्या एका नर्सच्या घरी. बाबा येणार नाहीत असं मी गृहीत धरलं होतं. ते आले. रस्त्यात माकडांची टोळी लागली, तेव्हा इथे पूर्वी माकडं जास्त होती असंही म्हणाले. मला जरा बरं वाटलं.

जेवणं झाली. त्या दिवशी एक जोडपं नवीन होतं, पुण्याहून नुकतंच आलेलं. यजमानीणबाईंनी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं की काका चाळीस वर्षांपूर्वी इथेच होते, त्यांची राणीछापची गोष्ट ऐकाच. मी लेकीकडे बघितलं. तिने मोबाइल उशीखाली सरकवला. मी म्हटलं, "अहो, आज नको, त्यांना दमायला झालंय."

"मी कुठे दमलोय?" बाबा म्हणाले. "तर झालं असं."

आणि त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. लग्न, गोरे लोक, घरचंच कार्य, मोठा साहेब, सिगरेटची पाकिटं. आवाजही तोच आणि तळहात पुढे करणंही तेच. बाकीच्यांना कुठून अक्कल, इथपर्यंत आले. पगार अडकले, इथपर्यंत आले. मंडळी हसत होती. मी साडीच्या पदराला पीळ घालत होते.

"आणि ती चांदी नव्हती," बाबा म्हणाले.

नवीन जोडप्याला कळेना की इथे हसायचं की नाही.

"नाणी खरी. राणी खरी. पण चांदी नाही. विलायतेतसुद्धा कुणी दुकानात देत नव्हतं, तर आमच्याकडे कोण घेणार? माझीच अक्कल! आमच्या हिने सोनाराकडे नेली, त्याने परत दिली. मग हिने हातातल्या पाटल्या काढल्या. चार. माहेरच्या होत्या. त्यांच्यावर आमचं घर चाललं. माझ्या म्हाताऱ्या आईची औषधं चालली, ह्या पोरीची शाळा चालली. आणि मला निरोप पाठवला, राणीने तारलं."

नवीन जोडप्यातल्या मुलीने विचारलं, "आणि काकू तुम्हाला कधीच काही बोलल्या नाहीत?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी ही गोष्ट सांगत सांगत इथवर आलो की ती उठून आत जायची. मला वाटायचं, चहाची वेळ झाली."